आद-ए-आजम आणि मसावि

उर्दू माध्यमाच्या वर्गात आम्ही ज्याला ‘आद-ए-आजम’ म्हणतो, त्याला मराठी शाळेत ‘मसावि’, म्हणजे महत्तम सामाईक विभाजक, म्हणतात. आद म्हणजे मोजणारा, आजम म्हणजे सर्वांत मोठा. शब्द वेगळे म्हणून गणितही वेगळे, अशी धास्ती आपल्या काही पालकांना वाटते. मराठी शाळेत गेल्यावर मुलाला सारे नव्याने शिकावे लागेल, असे ते म्हणतात. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

रीत एकच आहे. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागावे, मग त्या लहान संख्येला बाकीने भागावे. बाकी शून्य येईपर्यंत हेच करावे. शेवटचा भाजक तो मसावि. 221 ला 195 ने भागले, बाकी 26. 195 ला 26 ने भागले, बाकी 13. 26 ला 13 ने पूर्ण भाग जातो. उत्तर 13.

इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास युक्लिडने ही रीत ग्रीक भाषेत मांडली. नवव्या शतकात बगदादमध्ये त्याचा ग्रंथ अरबीत वाचला जात होता. 1248 साली नसीरुद्दीन तुसी यांनी त्याची नवी अरबी मांडणी केली. ‘आद’ हा शब्द याच अरबी गणितातला.

दुसरी वाट आपल्या देशातली. 1150 साली भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ लिहिली. तिच्या कुट्टक प्रकरणात प्रश्न आहे : 221 ला कितीने गुणून 65 मिळवले, की 195 ने निःशेष भाग जाईल? आधी परस्पर भागाकाराने 13 काढा आणि तिन्ही संख्यांना त्याने भागा, असे ते सांगतात. उरतात 17, 5 आणि 15. उत्तर येते 5.

अकबराच्या आज्ञेवरून फैजीने 1587 साली ‘लीलावती’ फारसीत आणली. हाच फैजी 1591 साली बादशहाचा वकील म्हणून दख्खनच्या मोहिमेवर निघाला आणि बुऱ्हाण निजामशहाकडे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आला. परंतु त्याच्या अनुवादात कुट्टकाचे प्रकरण नाही, अशी नोंद इंग्रज अभ्यासक कोलब्रुक यांनी 1817 साली केली. दोन वाटा इतक्या जवळ आल्या, पण या एका जागी त्यांची गाठ पडायची राहिली.

ती गाठ आता आम्हा शिक्षकांनी घालायची आहे. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहावेत आणि खाली 221 व 195 मांडावेत. बाकी काढताना मुलांना भाषा आड येत नाही.