वऱ्हाडातील विद्युत्घट : तारायंत्रापासून इन्व्हर्टरपर्यंत

वऱ्हाडाला विजेचा पहिला परिचय दिव्यातून झाला नाही, तारेतून झाला. १८६७ मध्ये लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला. त्याच्या कडेने तारांचे खांबही आले. १८७० मध्ये मुंबई सागरी तारेने इंग्लंडशी जोडली गेल्यावर लिव्हरपूलचा कापूसभाव वऱ्हाडच्या बाजारपेठांना लवकर कळू लागला. तारायंत्रास लागणारा प्रवाह त्या काळी सामान्यतः डॅनियल किंवा लेक्लांशे पद्धतीच्या घटांतून मिळे. अशा घटातील जस्त झिजले की नवे घालावे लागे.

ही क्रिया उलटविता येते, हे गॅस्टन प्लांते याने १८५९ मध्येच शिशाच्या पत्र्यांवर दाखविले होते. शिसे-आम्ल घट वापरात असताना बाहेरील मंडलात प्रवाह धनाग्राकडून ऋणाग्राकडे वाहतो. दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते व आम्ल सौम्य होते. प्रभारण करताना बाहेरून अधिक दाब देऊन प्रवाह धनाग्रातून आत ढकलला जातो. प्रवाहाची दिशा उलटते, परंतु अग्रांची नावे बदलत नाहीत. विद्यार्थ्यांचा गोंधळ नेमका येथेच होतो. त्यात भर म्हणजे इलेक्ट्रॉन या संकेताच्या विरुद्ध दिशेने जातात. १८९७ मध्ये त्यांचा शोध लागला, तोवर दिशेचा संकेत रूढ झालेला होता.

१९४८ मध्ये नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यावर वीज नसलेल्या खेड्यांत रेडिओला घटाचाच आधार होता. घराघरांत मात्र संचायक घट शिरला तो २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत, इन्व्हर्टरच्या रूपाने. अकोला जिल्ह्यातील पारस येथे १९६० च्या दशकापासून वीज निर्माण होत असतानाही ही पाळी यावी, हे विचार करण्याजोगे आहे. शिवाय घटात साठविलेली सर्व वीज परत मिळत नाही. काही भाग उष्णतेत जातो. म्हणजे वीज येताच हजारो इन्व्हर्टर ती अधिकच ओढून घेत आणि ज्या तुटवड्यावर ते उपाय होते, त्यातच भर घालीत.

हा उपायही घरापुरताच होता. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १.८ किलोवॉट-तास ऊर्जा मावते. तीन अश्वशक्तीच्या पंपास सुमारे २.२ किलोवॉट लागतात. पूर्ण भरलेली बॅटरीही तो तासभर चालवू शकत नाही. परिणामी अमरावतीतील घरात पंखा फिरत असे, तर वरुड-मोर्शीकडील संत्राबागेच्या ओलितासाठी शेतकऱ्याला रात्रीच्या पाळीची वाट पाहावी लागे.