दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि वाहती गुठळी

येना म्हटलं की भिंगं आठवतात. कार्ल झाइस यांनी १८४६ साली इथे आपली कार्यशाळा उघडली. त्याच सुमारास बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्शो रक्ताच्या गुठळ्यांचा माग काढत होते. धमनीला सूज येते आणि तिथेच गुठळी धरते, अशी तेव्हाची समजूत. फिर्शोंनी दाखवलं की गुठळी एका जागी तयार होते, सुटते आणि रक्ताबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे अडकते. वुर्झबुर्गमधले त्यांचे विद्यार्थी एर्न्स्ट हेकेल पुढे येनातच प्राध्यापक झाले.

आता भिंगांकडे वळू. पोटात हवा भरून नळीतून आत पाहण्याचा प्रयोग ड्रेस्डेनच्या गेऑर्ग केलिंग यांनी १९०१ मध्ये कुत्र्यावर करून दाखवला. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये पित्ताशय याच पद्धतीनं काढलं. आपल्या घरांत तिचं नाव पडलं ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’. त्याच सुमारास अमेरिकेत मोठ्या आतड्याचीही अशी ऑपरेशनं सुरू झाली.

छेद लहान, दुखणं कमी, रुग्ण लवकर उठून चालतो. पण पोटात वायूचा दाब असतो. आतड्याच्या खालच्या भागासाठी डोकं खाली, पाय वर असं तासन्‌तास ठेवावं लागतं. या स्थितीला लाइपझिगच्या ट्रेंडेलेनबुर्ग यांचं नाव आहे. त्यात पायांत रक्त कमी दाबानं पोहोचतं. हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा धमन्या आधीच खराब असतील, तर क्वचित धमनीतही गुठळी अडकते. शिरांमधल्या गुठळ्यांपेक्षा हे बरंच दुर्मीळ, पण वेळ फार थोडा देणारं.

धमनीतली गुठळी काढण्यात १९११ साली पॅरिसमध्ये यश आलं. १९६३ मध्ये अमेरिकेचे थॉमस फोगार्टी यांनी टोकाला फुगा असलेली बारीक नळी जगापुढे मांडली आणि मोठा छेद न घेता गुठळी ओढून काढता येऊ लागली.

म्हणून घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर एवढं लक्षात ठेवा. एक पाय अचानक दुखू लागला, गार पडला, पांढरा किंवा बधिर झाला, तर ‘ऑपरेशनचंच दुखणं असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नका. रुग्णालयात असाल तर लगेच नर्सला बोलवा. घरी असाल तर जर्मनीत ११२ फिरवा. पाय वाचणं काही तासांवर अवलंबून असतं.