थ्री नॉट थ्री कधी घरी आलीच नाही

माझे मामा मुलुंडला राहायचे. गेल्या वर्षी वारले. त्यांच्या नावावर एक बंदूक होती, रीतसर परवान्याची. ती त्यांच्याकडे आजोबांकडून आलेली. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आलेले. सुट्टीत आम्ही भाचरं मुलुंडला गेलो की आजी कपाटाकडे बोट दाखवून सांगायची, "आजोबांची लढाईतली बंदूक आहे ती. थ्री नॉट थ्री. हात लावायचा नाही."

मामांचे दिवसकार्य उरकल्यावर मामेभावाने नियमाप्रमाणे बंदूक परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली आहे. त्याचा फोन आला, "दादा, तू पत्रकार आहेस, जरा बरोबर ये. आजोबांची बंदूक आहे. लायसन माझ्या नावावर करू, बंदूक मस्त पॉलिश करून घेऊ आणि नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये लावू."

मी गावाकडून आलो. दुकानदार वयस्कर, या धंद्यातली त्यांची तिसरी पिढी. त्यांनी बंदूक काउंटरवर ठेवली, एकदा उलटसुलट बघितली आणि शांतपणे म्हणाले, "ही थ्री नॉट थ्री नाही. लढाईतली तर नाहीच नाही."

मामेभावाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग त्यांनी आम्हाला बंदूक वाचायला शिकवली. हो, वाचायलाच. बंदुकीवर सगळं लिहिलेलं असतं, आपण बघत नाही एवढंच.

लष्करी थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड रायफल, हातात घेतली तर लाकडी दस्ता जिथे लोखंडाला जोडलेला असतो तिथे एक धातूचा पट्टा दिसतो. त्याच्या उजव्या बाजूला तिची जन्मकुंडली कोरलेली असते. वर राजाचा मुकुट, खाली 'जी आर आय' ही इंग्रजी अक्षरं, म्हणजे जॉर्ज राजा आणि सम्राट. त्याखाली कारखान्याचं नाव, साल आणि मॉडेल. भारतात बनलेली असेल तर कारखाना इशापूर. स्वातंत्र्यानंतर तो मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे साल पुसट झालं असलं तरी मुकुट की सिंह एवढ्यावरून बंदूक कोणाच्या राज्यात जन्मली ते कळतं.

दुसरी खूण लाकडाची. लष्करी रायफलीचं लाकूड पार नळीच्या तोंडापर्यंत जातं आणि पुढे संगीन अडकवायची सोय असते. मॅगझीन १० गोळ्यांचं. काही रायफलींच्या पुढच्या भागाला तांब्याची तार गच्च गुंडाळलेली दिसते. लोकांना वाटतं फुटलेली बंदूक कोणीतरी बांधली आहे. तसं नसतं. ती रायफल हातगोळे फेकायला वापरायची म्हणून तिला दिलेली ती मजबुती.

आमच्या बंदुकीचं लाकूड अर्ध्यावर संपत होतं. संगिनीची जागा नव्हती. मॅगझीन ५ गोळ्यांचं. आणि शिक्का सिंहांचा. आजोबांची लढाई १९४५ ला संपली, बंदूक जन्मली स्वतंत्र भारतात! मामांच्या परवान्याच्या पुस्तकातही स्पष्ट लिहिलेलं होतं, '३१५ बोअर'. इतकी वर्षं दर नूतनीकरणाला ते पुस्तक बाहेर निघत होतं. घरात कोणीही ती ओळ वाचली नव्हती.

आता ही ३१५ काय भानगड आहे? इथून खरा इतिहास सुरू होतो.

इशापूर हे बराकपूरच्या शेजारचं गाव. २९ मार्च १८५७ ला मंगल पांडेने बराकपूरच्या छावणीत बंदूक उचलली. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी एक धडा घेतला तो असा, की हिंदी शिपायाच्या हातात चांगली बंदूक द्यायची नाही. नळीच्या आतल्या चक्राकार खाचांमुळे गोळी लांब आणि अचूक जाते. हिंदी पलटणींसाठी त्या खाचा नसलेली बंदूक काढली गेली. पुढे खाचांची बंदूक परत मिळाली, पण गोऱ्या सोल्जरपेक्षा एक पिढी मागची. गोऱ्याला नवं मॉडेल आलं की त्याचं जुनं हिंदी शिपायाला. घरात मोठ्या भावाचे कपडे धाकट्याला यावेत तसं!

१८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागणार, युरोपियनांना सूट. काँग्रेसने सुरुवातीच्या काळापासूनच या कायद्याविरुद्ध ठराव केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणखी एक पाचर मारली गेली. लष्कराचा जो बोअर, तो सामान्य माणसाला बंद. कारण सरळ होतं. लष्कराची काडतुसं चोरून बाहेर नेली तरी ती कोणाच्या बंदुकीत बसता कामा नयेत. म्हणून नागरिकांसाठी तशाच बांधणीची पण वेगळ्या बोअरची रायफल आली. तीच ही ३१५. स्वातंत्र्यानंतरही नियम तसाच राहिला आणि इशापूरचा आपला सरकारी कारखाना ३१५ बनवत राहिला. थ्री नॉट थ्री आजही सामान्य माणसासाठी प्रतिबंधित बोअर आहे.

पोलिसांची गोष्ट तर आणखी मजेशीर. इशापूरलाच जुन्या ली-एनफिल्ड घेऊन त्यांची नळी आतून गुळगुळीत केली, मॅगझीनची जागा बुजवली आणि एका वेळी एकच गोळी उडेल अशी बंदूक बनवली. ही ४१० मस्केट. जुन्या हवालदारांना विचारा, नाव ऐकताच हसतील. बाहेरून रायफल, आतून छऱ्याची बंदूक. पोलीस आपलाच, पण भरवसा तेवढाच.

मला वाटतं मुद्दा इथे आहे. ३०३, ३१५, ४१० हे नुसते आकडे नाहीत. सरकारचा कोणावर किती विश्वास होता, त्याची ती मापं आहेत.

मग आजोबांच्या हातात थ्री नॉट थ्री होती ती कुठे गेली? गेली कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात. जवानाची रायफल जवानाची नसते. रोज मोजून घ्यायची, मोजून परत करायची. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीला हिंदी फौजा फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरल्या तेव्हा त्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या दिल्या गेल्या. तेव्हा मात्र विश्वास ठेवावाच लागला, कारण समोर जर्मन होते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जवान त्या महायुद्धात कामी आले. दुसऱ्या महायुद्धात इटलीत माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनियो नदीवरच्या लढाईसाठी मिळाला, ते जिवंत परतले. अशा माणसांनी घरी आणली ती पदकं, पेन्शनची कागदपत्रं आणि आठवणी. रायफल कोणीच आणली नाही.

आजोबांनीही आणली नाही. नंतर कधीतरी रीतसर अर्ज करून ३१५ घेतली. का घेतली असेल? मला वाटतं, हाताला सवय होती. बोल्ट तसाच, खटका तसाच, खांद्याला लागणारा दस्ता साधारण तसाच. जी बंदूक चार-पाच वर्षं उशाशी होती तिच्यासारखी दिसणारी, पण स्वतःच्या नावाची. घरच्यांनी तिला लढाईतली ठरवून टाकलं आणि आजोबांनी ते कधी खोडलं नाही.

थ्री नॉट थ्रीचे खरे वारसदार मात्र वेगळेच. १९६२ ला चीनसमोर आपला जवान हीच बोल्ट ओढायची रायफल घेऊन उभा होता. त्यानंतर लष्कराने नवी शस्त्रं घेतली आणि जुनी रायफल पोलिसांकडे उतरली. पुन्हा मोठ्या भावाचे कपडे धाकट्याला. फरक एवढाच की या वेळी देणारे आपण होतो.

२६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर कसाब आणि इस्माईल एके-४७ घेऊन उतरले. पन्नासहून जास्त माणसं तिथे गेली. रेल्वे पोलिसांचे इन्स्पेक्टर शशांक शिंदे त्यांना सामोरे गेले आणि शहीद झाले. आरपीएफचे जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातातली जुनी रायफल घेऊन गोळी झाडली. बोल्ट ओढा, एक गोळी झाडा, परत बोल्ट ओढा. समोरच्याचं बोट खटक्यावर दाबून ठेवलेलं. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्याकडे फक्त लाठी होती. ते साताऱ्याच्या केडंबे गावचे, स्वतः माजी सैनिक. सैन्यात देशाने ज्याच्या हाती शस्त्र दिलं, त्याच्या हाती पोलिसात आल्यावर लाठी. पुढे राम प्रधान समितीने शस्त्रं, काडतुसं आणि सराव यांची कमतरता नोंदवली. मग खरेद्या झाल्या, नवी पथकं आली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात थ्री नॉट थ्रीला समारंभाने निरोप दिला. चांगलं झालं. पण १८५७ नंतरचं ते माप बदलायला दीडशे वर्षं आणि एवढे मृत्यू लागावेत, याची खंत वाटते.

आता कामाचं. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या जुन्या घरांत अशा वस्तू अजून आहेत आणि रिडेव्हलपमेंटच्या आवराआवरीत त्या बाहेर निघत आहेत. म्हणून चार गोष्टी सांगतो.

परवानाधारक वारला तर बंदूक घरात ठेवू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, मग वारस म्हणून अर्ज करा. मुंबईत तो पोलीस आयुक्तांकडे जातो. घाबरून खाडीत टाकू नका, भंगारवाल्याला देऊ नका. विनापरवाना शस्त्राला किमान २ वर्षं आणि प्रतिबंधित बोअरला किमान ७ वर्षं शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात. दुरुस्त करूनही जी चालणारच नाही अशी पुरातन बंदूक कायद्याच्या कलम ४५ मध्ये वगळली आहे, पण ते आपलं आपण ठरवायचं नाही.

आणि पॉलिश करू नका! सँडपेपर मारला की मुकुट जातो, साल जातं, नंबर जातो. नंबर गेला की इतिहासही गेला आणि पोलिसांच्या लेखी तुम्हीही गेलात. लाकडाला जवसाच्या तेलाचा हात पुरे, पूर्वी जवानही तेच लावायचे. बाकी दुरुस्ती फक्त परवाना असलेल्या कारागिराकडून.

मामेभावाने वारस म्हणून अर्ज केला आहे. हॉलमध्ये लावायचा बेत रद्द. त्याऐवजी तिथे आजोबांचा फोटो आणि पदकं लागणार आहेत. ती पदकं आजवर बिस्किटाच्या डब्यात होती. खरी लढाईतून आलेली वस्तू तीच होती आणि तिच्याकडे आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

तुमच्या घरातले कोणी सैन्यात किंवा पोलिसात होते का? त्यांच्या हातात काय होतं आणि घरी काय आलं, ते कमेंटमध्ये जरूर लिहा. फक्त बंदुकीचा नंबर टाकू नका, बरं का.