आयुष्य वाढले नाही, मग साधले काय?

१४ ऑक्टोबर १९८९ रोजी 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात चार पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल आणि त्यांचे तीन सहकारी हे त्याचे लेखक. स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेल्या ८६ स्त्रियांचा हा अभ्यास होता. सगळ्यांना नेहमीचे वैद्यकीय उपचार मिळत होते. त्यांपैकी ५० जणी त्याशिवाय वर्षभर आठवड्यातून एकदा दीड तास एकत्र बसून बोलत असत. उरलेल्या ३६ जणींसाठी अशी बैठक नव्हती. कोणी कोणत्या गटात जायचे हे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, केवळ योगायोगाने ठरवले होते. पुढे दहा वर्षांनी हिशोब मांडला, तेव्हा बैठकीतल्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या होत्या आणि दुसऱ्या गटातल्या १८.९ महिने.

म्हणजे नुसत्या बोलण्याने आयुष्य दुप्पट! एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक पडला असता तरी तो मोठा शोध ठरला असता. इथे तर औषधच नव्हते. हा आकडा पुढे खरा ठरला का, आणि तो ठरला नाही तर त्या बैठकांचे मोल काय, याचा इतिहास आम्हाला शिक्षकांपुढे मांडावासा वाटतो. विज्ञान स्वतःला कसे तपासते याचा हा उत्तम नमुना आहे. शिवाय तो आपल्यापासून फार दूरचाही नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. उपचार संपवून शाळेत पुन्हा रुजू झालेल्या एखाद्या बाई आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीच्या असतील.

आजारी माणसांना एकत्र बसवून उपचार करण्याची कल्पना जुनी आहे. बोस्टनचे डॉक्टर जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये गरीब क्षयरोग्यांना आठवड्यातून एकदा एकत्र बोलवायला सुरुवात केली. हेतू साधा होता: स्वच्छ हवा, विश्रांती, आहार यांचे धडे एकेकाला देत बसण्यापेक्षा सर्वांना एकदम द्यावेत. त्यांनी त्याला नावही 'वर्ग' असेच दिले होते. वर्ग घेता घेता त्यांच्या लक्षात आले की धड्यांइतकाच उपयोग रोग्यांना एकमेकांच्या सहवासाचाही होतो आहे. गटोपचाराच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक जण इथूनच करतात.

स्तनाच्या कर्करोगाला मात्र असा वर्ग मिळायला फार वेळ लागला, कारण या रोगाचे नावच उच्चारले जात नसे. सिद्धार्थ मुखर्जी यांनी कर्करोगाच्या इतिहासावरील आपल्या २०१० च्या पुस्तकात एक हकिगत दिली आहे. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एका बाईंना अशा स्त्रियांच्या बैठकीची जाहिरात 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये द्यायची होती. 'स्तन' आणि 'कर्करोग' हे दोन्ही शब्द आम्ही छापू शकत नाही, 'छातीच्या भिंतीचे आजार' असे लिहिले तर चालेल का, असे त्यांना विचारण्यात आले! शस्त्रक्रियाही त्या काळी भयंकर होती. विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकत. ही पद्धत पाऊण शतकभर चालली. खांदा खचलेला, हात सुजलेला, आणि याबद्दल बोलायचे कुणाशी तर कुणाशीच नाही.

ही कोंडी फोडली ती एका रोगी स्त्रीने. न्यूयॉर्कच्या टेरेसे लॅसर यांची शस्त्रक्रिया १९५२ मध्ये झाली. त्यानंतर त्या स्वतःच इस्पितळात जाऊन नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना भेटू लागल्या. हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू आणि दोरी त्या सोबत नेत. काही सर्जनना हे मुळीच रुचले नव्हते. पुढे १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हा उपक्रम आपलासा केला. १९७४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी आपल्या शस्त्रक्रियेविषयी उघडपणे सांगितले, तेव्हा कुठे हा विषय घराघरांत बोलला जाऊ लागला.

याच सुमारास स्टॅनफर्डमध्ये आयर्विन यॅलम या मानसोपचारतज्ज्ञांनी रोग पसरलेल्या स्त्रियांचा गट सुरू केला. स्पीगेल तेव्हा तरुण होते, ते त्यांना येऊन मिळाले. अनेकांना हा उद्योग धोक्याचा वाटत होता. या स्त्रिया एकमेकींना मरताना पाहणार, मग उरलेल्या खचून जाणार नाहीत का? शंका रास्त होती. घडले ते उलट. गटात मृत्यूविषयी सरळ बोलले जाई. वेदना कशी सोसावी, नवऱ्याला काय सांगावे, मुलांना काय सांगावे, डॉक्टरांना नेमके काय विचारावे, हे सारे तिथे निघे. वेदनेसाठी स्वसंमोहनाची साधी रीत शिकवली जाई. वर्षाअखेर या स्त्रियांची मनःस्थिती दुसऱ्या गटापेक्षा चांगली असल्याचे १९८१ मध्ये, आणि वेदना कमी असल्याचे १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले.

आयुर्मान मोजणे हा या अभ्यासाचा मूळ उद्देश नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. मनाच्या जोरावर कर्करोग घालवता येतो असे सांगणारी पुस्तके त्या काळी अमेरिकेत खपत होती. स्पीगेल यांना त्यांचा राग होता. आपल्याकडे दहा वर्षांची माहिती आहे, तिच्यावरून हे खोडून काढावे, अशा अपेक्षेने आपण आकडे पाहिले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. आकड्यांनी त्यांना चकित केले, आणि जे दिसले ते त्यांनी छापले.

त्या पुस्तकांना दुसरीकडूनही बळ मिळाले होते. लंडनच्या स्टीव्हन ग्रीर यांनी १९७९ मध्ये ६९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. 'लढाऊ वृत्ती' दाखवणाऱ्या किंवा आजार नाकारणाऱ्या स्त्रियांची प्रकृती पाच वर्षांनी अधिक चांगली होती. निमूटपणे स्वीकारणाऱ्या आणि हताश झालेल्या मागे पडल्या होत्या. 'स्वीकार' हा शब्द तिथे असा पडत्या बाजूला नोंदला गेला. हाच धागा पुढे समाजात रुजला. भेटायला येणारी मंडळी आजही म्हणतात, "मन खंबीर ठेव, म्हणजे आजार पळून जाईल." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण याची दुसरी बाजू पाहा. रोग उलटला, तर ती मनाने कमी पडली असाच त्याचा अर्थ होतो. रोगाचे ओझे आहेच, त्यावर हे दोषाचे ओझे. आकडे तपासण्याची खरी निकड होती ती यासाठी.

तपासणी झाली. लंडनमध्येच मॅगी वॉटसन आणि सहकाऱ्यांनी ५७८ स्त्रिया घेऊन १९९९ मध्ये निष्कर्ष दिला: लढाऊ वृत्तीचा आयुष्याच्या लांबीशी संबंध दिसत नाही. (तीव्र हताशपणाचा थोडा प्रतिकूल संबंध मात्र दिसला.) स्पीगेल यांचा प्रयोग कॅनडात पामेला गुडविन यांनी २३५ स्त्रियांवर पुन्हा केला. २००१ चा त्यांचा निकाल असा: गटातल्या निम्म्या स्त्रिया १७.९ महिन्यांपर्यंत जगल्या, गटाबाहेरच्या १७.६ महिन्यांपर्यंत. ऑस्ट्रेलियात डेव्हिड किसेन यांनी २२७ स्त्रिया घेतल्या. २००७ मध्ये त्यांना २४ आणि १८.३ महिने असा फरक मिळाला, पण तो योगायोगाने पडू शकेल एवढाच होता. त्याच वर्षी खुद्द स्पीगेल यांनी १२५ स्त्रियांवरचा नवा प्रयोग प्रसिद्ध केला: गटात ३०.७ महिने, गटाबाहेर ३३.३. स्वतःच्या नावाने जगभर गाजलेला निष्कर्ष अठरा वर्षांनी स्वतःच्याच प्रयोगाने टिकत नाही असे छापणे सोपे नसते. १९८९ चा निबंध पुष्कळांना ठाऊक असतो, २००७ चा फार थोड्यांना. आम्हाला विचाराल तर दुसरा अधिक मोलाचा.

मग पहिल्या वेळी फरक आला कुठून? गणिताच्या शिक्षकांना हे उदाहरण वर्गात वापरता येईल. ८६ ही संख्या लहान आहे. अशा संख्येत काही स्त्रिया खूप वर्षे जगल्या, तर सरासरी वर ओढली जाते. चार वर्षांनी दुसऱ्या गटातले कोणीच हयात नव्हते, आणि बैठकीच्या गटातल्या सुमारे एक तृतीयांश जणी होत्या. पुढे टीकाकारांनी दाखवले की त्या भागातल्या इतर रुग्णांशी ताडून पाहता तुलनेचा गटच नेहमीपेक्षा लवकर दगावलेला दिसतो. म्हणजे एक गट उंच दिसला तो बऱ्याच अंशी दुसरा खड्ड्यात उभा होता म्हणून. नंतरच्या प्रयोगांत मध्यक दिले गेले, तेही याच कारणाने बरे झाले. (वाद पूर्ण मिटला आहे असे नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात बार्बरा अँडरसन यांनी २००८ मध्ये, रोग न पसरलेल्या स्त्रियांत गटाचा फायदा दिसल्याचे लिहिले आहे. त्यातल्या आकडेमोडीवर बरीच चर्चा झाली.)

गुडविन यांच्या निबंधातली दुसरी ओळ मात्र वाचायची राहून जाते. आयुष्य वाढले नाही, पण गटातल्या स्त्रियांचे मानसिक त्रास कमी झाले, वेदनाही कमी जाणवल्या. सुरुवातीला ज्या जास्त त्रासात होत्या त्यांना जास्त लाभ झाला. ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या बाबतीत हेच दिसले. एवढे पुरेसे नाही का? दुखणे कमी करणाऱ्या गोळीने आयुष्य वाढवले पाहिजे असा आग्रह आपण कधी धरत नाही.

दरम्यान रोग्यांचे चित्रही पालटले होते. निदान लवकर होऊ लागले, शस्त्रक्रिया लहान झाल्या आणि उपचार संपवून वर्षानुवर्षे जगणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली. त्यांचा प्रश्न मृत्यू समोर उभा असण्याचा नसतो. पाठ दुखली की रोग हाडात गेला का, तपासणीची तारीख जवळ आली की झोप नाही, असा तो असतो. ही भीती अवास्तव म्हणून उडवून लावता येत नाही. २०१७ मध्ये सुमारे ६३ हजार स्त्रियांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. इस्ट्रोजेनवर वाढणारा कर्करोग पाच वर्षांच्या औषधानंतरही पुढची पंधरा वर्षे उलटत राहू शकतो, असे त्यातून दिसले. विचार चुकीचा असेल तर तो खोडता येतो. खरा असेल तर काय करायचे?

दाबून टाकायचा, हे पहिले उत्तर. ते चालत नाही हे आपल्या लोककथेला ठाऊक आहे: वैद्य औषध देतो आणि बजावतो, घेताना माकडाची आठवण काढू नकोस. मग माकड काही डोक्यातून जात नाही! डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये हाच प्रयोग पांढरे अस्वल घेऊन केला. विद्यार्थ्यांना पाच मिनिटे अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंटी वाजत राहिली. शिवाय नंतर मोकळीक दिल्यावर, आधी विचार दाबलेल्यांच्या डोक्यात अस्वल अधिकच येऊ लागले. आपल्या वर्गात हा प्रयोग एका तासात होतो.

अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठातले स्टीव्हन हेज यांनी १९८० च्या दशकात या विचाराभोवती एक उपचारपद्धती घडवली. १९९९ च्या ग्रंथाने ती सर्वत्र माहीत झाली. तिला 'स्वीकार आणि बांधिलकी उपचार' म्हणता येईल. इथला स्वीकार म्हणजे 'पदरी पडले पवित्र झाले' नव्हे, आणि ग्रीर यांच्या यादीतला निमूटपणाही नव्हे. भीती आली तर तिला हुसकावण्यात दिवस घालवायचा नाही. तिला बसू द्यायचे आणि आपले काम हाती घ्यायचे. सराव अगदी साधे असतात. "रोग परत येणार" असे म्हणण्याऐवजी "रोग परत येणार असा विचार मला आता येतो आहे" असे म्हणून पाहायचे. शब्द तेच, पण विचार आणि आपण यांत थोडी फट पडते. मग प्रश्न विचारायचा: भीतीपायी मी काय काय सोडून दिले आहे? कोणी प्रवास सोडलेला असतो, कोणी मुलीच्या लग्नाची बोलणी. गटात हे चांगले जमते, कारण एकीचे ऐकताना दुसरीला स्वतःचे आढळते.

अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या शेली जॉन्स यांनी २०२० मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला. पुनरुद्भवाची भीती वाटणाऱ्या ९१ स्त्रिया, तीन गट. एका गटाला स्वीकाराची सहा सत्रे, दर आठवड्याला दोन तास. दुसऱ्याला तेवढ्याच वेळात आरोग्याची माहिती. तिसऱ्याला थोडीफार पुस्तके आणि एक मार्गदर्शन. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची भीती इतर दोघांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. इराणमध्येही असे बरेच प्रयोग झाले आहेत. मनाची तग धरण्याची क्षमता मोजायला पुष्कळदा वापरली जाते ती २००३ मध्ये तयार झालेली कॉनर-डेव्हिडसन प्रश्नावली: २५ विधाने, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण १००. या प्रयोगांतले बरेचसे लहान आहेत आणि सहभागींवर काही महिन्यांपुरतीच नजर ठेवली गेली आहे. म्हणजे आकाराने ते १९८९ च्या निबंधाच्या आसपासच आहेत, आणि त्यांनाही आपापल्या २००१ ची आणि २००७ ची वाट पाहावी लागेल.