धावणारे इंजिन, उभे इंजिन

२५ फेब्रुवारी २०१६ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे वाफेचे इंजिन प्रवाशांची गाडी घेऊन यॉर्ककडे निघाले. सुमारे दहा वर्षे चाललेल्या दुरुस्तीनंतरची ही समारंभाची फेरी. पाहायला लोटलेल्या गर्दीतले काही जण रुळांवर उतरल्याने गाडी वाटेत थांबवावी लागली. १९२३ साली डॉनकास्टरच्या कारखान्यात बांधलेले हे इंजिन संग्रहालयात उभे ठेवूनही पाहता आले असते. मग ते धावताना पाहण्यात विशेष काय?

पहिले उत्तर कानांना मिळते. या इंजिनाला तीन सिलिंडर आहेत. प्रत्येक सिलिंडरमध्ये वाफ दट्ट्याला आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी ढकलते. म्हणून चाकाच्या एका फेरीत सहा वेळा वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर पडते. दोन सिलिंडरच्या साध्या इंजिनात हे भकभक चारच असतात. गाडी सुटताना ते मोजता येतात. ही वाफ जाताना धूर ओढून नेते, त्यामुळे भट्टीत ताजी हवा शिरते. चढावर इंजिन जितके राबेल तितकी आग फुलते! उभ्या इंजिनात यातले काहीच दिसत नाही.

पण धावण्याची किंमत असते. भाग झिजतात, बदलावे लागतात. रेल्वे कारखान्यांत एका इंजिनाचा बॉयलर दुसऱ्याला बसवण्याची पद्धतच होती. स्कॉट्समनला तर १९४७ मध्ये जास्त दाबाचा, वेगळ्या प्रकारचा बॉयलर मिळाला. मग त्यात १९२३ चे किती उरले?

याउलट ‘मॅलर्ड’चे. नायजेल ग्रेस्ली यांच्याच आराखड्याच्या या इंजिनाने ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर, हा विक्रमी वेग गाठला. आता ते संग्रहालयातच असते. त्याचे भाग झिजत नाहीत, पण त्याचा आवाजही ऐकू येत नाही.

एका ठिकाणी जुना धातू जपला आहे, दुसऱ्या ठिकाणी जुने काम. कोळसा भट्टीत कुठे आणि केव्हा टाकायचा, हे फायरमनचे कसब काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. ते हातातून हातातच जाते. आपल्याकडेही १८५५ चे ‘फेअरी क्वीन’ १९९७ मध्ये दिल्ली–अलवर मार्गावर पुन्हा धावले. अशा इंजिनाचे काय जपावे, त्याचे लोखंड की त्याचे चालणे? वर्गात हा प्रश्न जरूर विचारा. इतिहास आणि विज्ञान या दोन्ही तासांना तो चालेल.