कोशाचें श्रेय

ग्रंथ म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लेखक उभा राहतो. परंतु ज्या ग्रंथास हजारों हात लागले, त्यांतील न लिहिणाऱ्यांच्या श्रमांचें मोल कसें करावें? ऑक्सफर्डच्या थोर इंग्रजी कोशाचा इतिहास या बाबतींत बोधप्रद आहे.

लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीनें या कार्याची कल्पना १८५७ मध्यें मांडली. १८७९ मध्यें जेम्स मरे हे संपादक झाले. ग्रंथ वाचावे, शब्द ज्या वाक्यांत आला असेल तें वाक्य चिठ्ठीवर उतरून पाठवावें, असें आवाहन त्यांनीं वाचकांस केलें. वेतन कांहींच नव्हतें. मोबदला म्हणजे प्रस्तावनेंत नांव, आणि कित्येकांच्या नांवापुढें त्यांच्या अवतरणांची संख्या. टॉमस ऑस्टिन या एका गृहस्थाची संख्या १,६५,००० भरली!

हा सन्मान योग्यच होता. पण संख्या म्हणजे उपयुक्तता नव्हे. दुर्मिळ शब्द वाचकाच्या डोळ्यांत भरतो, नित्याचा शब्द निसटून जातो. आधीं जमलेल्या चिठ्ठ्यांत ‘अब्यूजन’ या क्वचित् आढळणाऱ्या शब्दाचीं सुमारें ५० अवतरणें निघालीं, आणि ‘अब्यूज’ या रोजच्या शब्दाचीं पांचही नव्हतीं. हे साधे शब्द शोधण्यांत संपादकमंडळाचा बहुमोल वेळ गेला. तो शोध कोणत्या आंकड्यांत मांडावयाचा?

फिट्झएडवर्ड हॉल यांचेंच पाहा. हे अमेरिकन पंडित एके काळीं काशीच्या संस्कृत पाठशाळेंत अध्यापक होते. पुढें इंग्लंडांतील एका खेड्यांत राहून त्यांनीं वर्षानुवर्षें, रोज सुमारें चार तास, कोशाचीं मुद्रितें तपासलीं व त्यांत भर घातली. १९०१ मध्यें मृत्यु येईपर्यंत, तेंही विनामूल्य. त्यांनीं अवतरणेंही पुष्कळ पुरविलीं, परंतु टाळलेल्या चुकांची गणती कोण करणार? मरे यांनीं तें ऋण शब्दांनीं मान्य केलें. मरे यांचीं मुलेंही पत्र्याच्या कार्यशाळेंतील चिठ्ठ्या वर्णक्रमानें लावीत. त्यांना थोडा खाऊचा पैसा मिळे. आंकडा, कृतज्ञतेचे शब्द व पैसा, असे श्रमाप्रमाणें सन्मानाचे तीन प्रकार झाले.

आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्यें मुंबईस निघाला. दुसरी आवृत्ति १८५७ मध्यें आली. तिच्या मुखपृष्ठावर मोल्सवर्थ व दोघे कँडी बंधु यांचीं नांवें आहेत. शब्द वेंचून देणारे शास्त्री मात्र तेथें नाहींत. त्यांच्यावांचून तो कोश झाला नसता, हें कोणीही जाणता मान्य करील.

मरे १९१५ मध्यें वारले. कोश पुरा झाला १९२८ मध्यें. संस्था कोणतीही असो, जें मोजतां येतें तें अवश्य मोजावें. पण जें मोजतां येत नाहीं, तें कोणीतरी नांव घेऊन सांगितलें पाहिजे. एरवीं चिठ्ठ्यांचे ढीग वाढतात, आणि मुद्रितें तपासणारा माणूस पुन्हा येत नाहीं.