दंतरोपणाच्या पृष्ठभागाची निवड : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पडलेल्या दाताच्या जागी कृत्रिम दात बसविण्याची मानवाची धडपड प्राचीन आहे. तथापि, जबड्याच्या हाडात धातूचे मूळ रोवून त्यावर दात उभारण्याचे शास्त्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच स्थिरावले. या कृत्रिम मुळास दंतरोपण, प्रचलित भाषेत ‘इम्प्लांट’, असे म्हणतात. महाराष्ट्रातील शहरांत ही उपचारपद्धती आता परिचयाची झाली आहे. परंतु रोपणाचा हाडाशी जेथे प्रत्यक्ष संबंध येतो, त्या पृष्ठभागाचा इतिहास सामान्य वाचकास फारसा ज्ञात नसतो. या पृष्ठभागावर कोणते लेप व कोणत्या प्रक्रिया कोणत्या कारणांनी स्वीकारल्या गेल्या आणि त्यांपैकी कोणत्या मागे पडल्या, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. निबंधाचे मुख्य प्रतिपादन असे की, ही निवड पुष्कळदा काही आठवड्यांत दिसणाऱ्या परिणामावरून केली गेली. रोपण मात्र रुग्णाच्या तोंडात कित्येक दशके राहावयाचे असते. या दोन कालमानांतील अंतर ध्यानात घेतल्याखेरीज हा इतिहास नीट उलगडत नाही.

१. कातलेला पृष्ठभाग

टायटॅनियमला हाड घट्ट धरते, हे निरीक्षण बोथ, बीटन व डेव्हनपोर्ट यांनी १९४० मध्येच नोंदविले होते. मात्र त्याचे उपचारात रूपांतर करण्याचे श्रेय स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क (१९२९-२०१४) यांच्याकडे जाते. १९५२ मध्ये लुंड विद्यापीठात ते सशाच्या हाडातील सूक्ष्म रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसविलेले टायटॅनियमचे निरीक्षण-उपकरण अभ्यासानंतर निघेना, कारण हाड त्यास एकजीव होऊन बसले होते. पुढे गोथेनबर्ग येथे त्यांनी या अनुभवाचा पद्धतशीर पाठपुरावा केला आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर दंतरोपण केले. हाड व रोपण यांच्या या संयोगास ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असे नाव मिळाले; येथे आपण त्यास अस्थिसंयोग म्हणू.

ब्रोनेमार्क यांच्या रोपणावर कोणताही लेप नव्हता. लेथ यंत्रावर कातलेला टायटॅनियमचा स्क्रू असे त्याचे स्वरूप होते आणि यंत्राच्या पात्याने उमटलेल्या बारीक रेषा हाच त्याचा खडबडीतपणा. टायटॅनियम हवेच्या संपर्कात येताच त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप बनतो. शरीराची गाठ प्रत्यक्षात या ऑक्साइडशीच पडते व त्यामुळे धातू गंजत नाही. १९८१ मध्ये आडेल व सहकाऱ्यांनी ३७१ रुग्णांच्या ४१० दंतहीन जबड्यांचा पंधरा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार वरच्या जबड्यातील ८१ टक्के व खालच्या जबड्यातील ९१ टक्के रोपणे स्थिर राहिली होती. पुढील वर्षी टोरांटो येथे जॉर्ज झार्ब यांनी भरविलेल्या परिषदेनंतर उत्तर अमेरिकेने ही पद्धती स्वीकारली.

या पृष्ठभागाची मर्यादाही स्पष्ट होती. रोपण हिरडीखाली झाकून खालच्या जबड्यात सुमारे तीन व वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने थांबावे लागे. हा प्रतीक्षाकाळ कमी करण्याची इच्छा हीच पुढील सर्व लेपांची व प्रक्रियांची प्रेरणा ठरली.

२. लेपांचा काळ

ब्रोनेमार्क यांच्या समकालीन असलेल्या आंद्रे श्रोडर यांनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे वेगळी वाट धरली. स्ट्रॉमन संस्थेच्या सहकार्याने त्यांनी टायटॅनियमच्या रोपणावर वितळलेल्या टायटॅनियमच्याच कणांची प्लाझ्मा-ज्योतीद्वारे फवारणी केली. त्यामुळे हाडास धरण्याजोगा, अतिशय खडबडीत व विस्तीर्ण पृष्ठभाग मिळाला. या रोपणांविषयीचे त्यांचे निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९८० च्या दशकात आणखी आकर्षक कल्पना पुढे आली. हाडाचा खनिज भाग ज्या कॅल्शियम फॉस्फेटच्या जातीचा असतो, त्याच जातीच्या हायड्रॉक्सिॲपेटाइटचा लेप धातूवर दिला, तर हाड त्यास परके मानणार नाही, असा हा युक्तिवाद होता. सुरुवातीचे अनुभवही उत्साहवर्धक होते. हाड लवकर येई आणि लेपाशी त्याचे घट्ट बंध जुळत. तथापि, या लेपात एक अंगभूत अडचण होती. प्लाझ्माच्या प्रचंड उष्णतेतून जाताना हायड्रॉक्सिॲपेटाइटचा काही भाग आपली स्फटिकरचना गमावतो आणि हा अस्फटिक भाग शरीरातील द्रवांत तुलनेने लवकर विरघळतो. शिवाय हाड व लेप यांच्यातील बंध मजबूत असला, तरी लेप व धातू यांच्यातील बंध तितका भरवशाचा नसतो. परिणामी काही रोपणांवरील लेप सुटल्याच्या वा झिजल्याच्या तक्रारी पुढे आल्या. लेप दिलेली सर्वच रोपणे अयशस्वी झाली असे मात्र नाही. त्यांपैकी अनेक दीर्घकाळ टिकली, परंतु लेपाच्या टिकाऊपणाविषयीची शंका दूर झाली नाही.

३. १९९१ : दोन अभ्यास

१९९१ हे वर्ष या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी जॅफिन व बर्मन यांनी कातलेल्या पृष्ठभागाच्या ब्रोनेमार्क रोपणांचा पाच वर्षांचा आढावा प्रसिद्ध केला. घट्ट हाडात अपयशाचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. परंतु चौथ्या प्रकारच्या, म्हणजे अत्यंत मऊ व विरळ हाडात ते ३५ टक्के आढळले. ज्या रुग्णांचे हाड मुळातच कमकुवत, त्यांना जुना पृष्ठभाग पुरेसा नाही, हे यातून दिसून आले.

त्याच वर्षी डॅनियल बुझर व सहकाऱ्यांनी लहान जातीच्या डुकरांवरील प्रयोगात वेगवेगळ्या पृष्ठभागांची तुलना केली. विद्युत्प्रक्रियेने चकचकीत केलेल्या पृष्ठभागाचा हाडाशी संपर्क २० ते २५ टक्के होता. टायटॅनियम फवारलेल्या पृष्ठभागासाठी तो ३० ते ४० टक्के होता. मोठ्या कणांचे सँडब्लास्टिंग करून नंतर आम्लाने कोरलेल्या पृष्ठभागासाठी तो ५० ते ६० टक्के, तर हायड्रॉक्सिॲपेटाइटसाठी ६० ते ७० टक्के होता. केवळ आकड्यांवरून निवड करावयाची तर हायड्रॉक्सिॲपेटाइटच विजयी ठरावयास हवे होते. परंतु त्याच्या लेपावर शोषणाच्या खुणा सातत्याने आढळल्याचे संशोधकांनी नमूद केले. प्रयोगात पहिला आलेला लेप पुढे मागे पडला व दुसऱ्या क्रमांकाची प्रक्रिया जगभर रूढ झाली, त्याचे एक कारण या निरीक्षणात आहे.

४. कोरून घडविलेला पृष्ठभाग

यानंतर विचाराची दिशा बदलली. वरून थर चढविण्याऐवजी मूळ धातूलाच कोरून खडबडीत करावे, म्हणजे सुटण्याजोगे काही उरणारच नाही, हे त्यामागील सूत्र होते. पाव ते अर्धा मिलिमीटर आकाराच्या कणांचा मारा करून मोठे खळगे पाडणे व नंतर हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लांनी त्यांत सूक्ष्म खाचा कोरणे, ही ‘एसएलए’ प्रक्रिया १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्ट्रॉमन कंपनीने बाजारात आणली. तिच्यामुळे चांगल्या हाडात प्रतीक्षाकाळ सुमारे सहा आठवड्यांवर आला. नोबेल बायोकेअरने २००० मध्ये विद्युत्प्रक्रियेने ऑक्साइडचा थर जाड व सच्छिद्र करणारी ‘टायुनाइट’ प्रक्रिया आणली. २००५ मध्ये ‘एसएलॲक्टिव्ह’ हा जलस्नेही पृष्ठभाग आला. हवेतील कार्बनी अशुद्धी बसू नये म्हणून हे रोपण क्षारद्रावणात बुडवून ठेवले जाते आणि प्रतीक्षाकाळ तीन ते चार आठवड्यांपर्यंत कमी झाल्याचे सांगितले गेले.

आल्ब्रेक्टसन व वेनरबर्ग यांनी २००४ मध्ये या सर्व पृष्ठभागांची खडबडीतपणानुसार वर्गवारी केली. सरासरी उंचसखलपणा १ ते २ मायक्रोमीटर असलेल्या ‘मध्यम खडबडीत’ पृष्ठभागास हाडाचा प्रतिसाद सर्वाधिक अनुकूल असल्याचे त्यांनी मांडले. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग होय.

५. खडबडीतपणाची किंमत

रोपण जोवर हाडात झाकलेले आहे, तोवर खडबडीतपणा हा गुण असतो. मात्र कालांतराने हाड खाली सरकले व तोच भाग तोंडाकडे उघडा पडला, तर जिवाणूंचा थर त्यावर सहज बसतो आणि स्वच्छ करणे कठीण होते. रोपणाभोवतीच्या ऊतींचा दाह होऊन आधाराचे हाड झिजण्याच्या या विकारास ‘पेरिइम्प्लांटायटिस’ म्हणतात. म्हणूनच काही उत्पादकांनी रोपणाचा वरचा काही मिलिमीटर भाग गुळगुळीत ठेवला व खालचा खडबडीत केला. एकाच रोपणावर दोन पृष्ठभाग ठेवण्यातून त्यांनी एक प्रकारे या अंतर्विरोधाची कबुलीच दिली.

‘एसएलए’ पृष्ठभागाच्या ५११ रोपणांचा दहा वर्षांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९८.८ टक्के रोपणे टिकल्याचे आढळले. हे यश निःसंशय मोठे आहे. परंतु दहा वर्षांचा हा पुरावा हाती येईपर्यंत त्याच कंपनीचा पुढचा पृष्ठभाग सात वर्षे विकला जात होता. २०१४ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याने असा निष्कर्ष काढला की, कोणत्याही विशिष्ट प्रकारच्या रोपणाचे दीर्घकालीन यश इतरांहून श्रेष्ठ असल्याचा पुरावा उपलब्ध नाही. दाहामुळे हाड झिजण्याची शक्यता खडबडीत रोपणांत अधिक असू शकते, असा मर्यादित पुरावाही त्याने नोंदविला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) पृष्ठभागाचा इतिहास हा गुळगुळीतकडून खडबडीतकडे झालेला सरळ विकास नाही. प्रत्येक टप्प्यावर काही मिळाले व काही गमावले गेले.

२) आठवड्यांत मोजता येणारा हाडाचा संपर्क हे निवडीचे आवश्यक गमक आहे, पण ते पुरेसे नाही. हायड्रॉक्सिॲपेटाइटचे उदाहरण याची साक्ष देते.

३) मऊ हाड असलेल्या रुग्णास मध्यम खडबडीत पृष्ठभागाचा लाभ मोठा आहे. हिरड्यांच्या विकाराचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र तोच पृष्ठभाग उघडा पडण्याच्या धोक्याचा विचार करणे अगत्याचे ठरते. म्हणजेच निवड रुग्णागणिक बदलावयास हवी.

४) नवा पृष्ठभाग बाजारात येण्याचा वेग दीर्घकालीन पुराव्याच्या वेगाहून अधिक आहे. त्यामुळे ‘सर्वांत नवे’ म्हणजे ‘सर्वांत तपासलेले’ असे गृहीत धरता येत नाही.

चाळिशीतील रुग्ण आपल्या जबड्यात रोपण बसवून घेतो, तेव्हा तो पुढील तीस-चाळीस वर्षांचा करार करीत असतो. दोन महिने लवकर दात मिळणे ही सोय खरी आहे; मात्र तिची किंमत कोणत्या काळात व कोणी चुकवावयाची, हा प्रश्न दंतवैद्य व रुग्ण या दोघांनीही शस्त्रक्रियेपूर्वी विचारावयास हवा. तो विचारण्याचे बळ या साठ वर्षांच्या इतिहासातून मिळू शकते.